वर्गणीदाराची यादी : जासूदजोडीपासून आंतरजालापर्यंत

मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचा विचार करताना आपण संपादक, लेखक, मुद्रक आणि फार तर सरकारी खटले यांचा परामर्श घेतो. नियतकालिक केव्हा निघाले, का बंद पडले, त्याने कोणता वाद पेटविला, हे सारे आपण आस्थेने नोंदवितो. परंतु निघालेला अंक वाचकाच्या हाती पडला कसा, आणि तो निघाला आहे हे त्याला मुळात कळले कसे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो विचारण्याची गरजही नसावी. चौकात गेले की अंक टांगलेला दिसतो. हुबळी-धारवाडसारख्या कानडी मुलखातील जोडशहरात राहून मराठी वाचणाऱ्याला मात्र हा प्रश्न जन्मभर पुरतो.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एक नोंदवही आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील जुने लाकडी कपाट वाळवीच्या भयाने हलवावे लागले, तेव्हा त्याच्या तळाशी एक बांधीव वही निघाली. पुठ्ठ्यावर सुबक वळणदार अक्षरांत ‘नियतकालिके – आवक’ असे लिहिलेले. आत रकाने चार : अंकाचे नाव, महिना, पोहोचल्याची तारीख आणि शेरा. पहिली नोंद १९५१ ची, शेवटची १९६८ ची. ‘सत्यकथा’, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘नवभारत’ ही परिचित नावे ओळीने येतात. शेऱ्याचा रकाना बहुधा कोरा. पण मधूनमधून ‘आला नाही. कार्ड टाकले.’ अशी नोंद, आणि तिच्याखाली पंधरा-वीस दिवसांनी निराळ्या शाईने ‘आला’. ही वही ठेवणारे गुरुजी कोण, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. माणसांच्या नोकऱ्या, शाळांची अनुदाने, मुलांची पाठ्यपुस्तके या सर्वांची त्यामुळे उलथापालथ झाली. मी मुद्दाम त्या महिन्याचे पान उघडून पाहिले. अंक नेहमीच्या सुमारास आलेले आहेत. त्या घडामोडीचा वहीत एका अक्षरानेही उल्लेख नाही.

ही वही चाळताना ध्यानात आले की, असलीच एक वही मी स्वतः २००७ पासून चालवीत आहे. फक्त ती कागदाची नाही.

संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची एक छोटीशी यादी आंतरजालावर ठेवीत असतात. ती माणसासाठी नसून यंत्रासाठी असते. अशा याद्या गोळा करून वाचकापुढे मांडणारी आज्ञावली आपल्या संगणकावर असली, म्हणजे आपल्या आवडीच्या प्रत्येक स्थळी जाऊन ‘आज काही नवे आहे काय?’ असे डोकावण्याचे कारण उरत नाही. या यादीला इंग्रजीत ‘फीड’ म्हणतात. फीड म्हणजे चारा, किंवा भरविणे. वाचकाला गोठ्यात बांधणारा हा शब्द मला कधी रुचला नाही. कोणी ‘वार्ताप्रवाह’ म्हणतात, तो बरा आहे. मला स्वतःला ‘खबर’ हा जुना शब्द पुरेसा वाटतो. त्याचे कारण पुढे येईलच. या यादीच्या सर्वांत प्रचलित प्रकाराचे नाव ‘आरएसएस’ असे आहे. हे संक्षिप्त रूप आपल्याकडे दुसऱ्याच एका संस्थेचे म्हणून सर्वविश्रुत असल्यामुळे, ‘मी सकाळी उठून प्रथम आरएसएस पाहतो’ असे मी शिक्षकांच्या खोलीत सहज बोलून गेलो तेव्हा दोन सहकाऱ्यांच्या भुवया उंचावल्या आणि एकाने प्रेमाने हात पुढे केला. दोघांचेही समाधान करता करता मधली सुट्टी संपली.

आता थोडे मागे जाऊ. पेशवाईत बातमी ही राज्यकारभाराची सामग्री होती आणि ती मिळवायची तर माणूस ठेवावा लागे. दिल्लीस हिंगणे, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे, असे वकील पुण्यास अखंड पत्रे लिहीत. नाना फडणविसांचे सामर्थ्य पुष्कळ अंशी त्या पत्रांत साठविलेले होते. ही पत्रे घेऊन जासूद धावत, पुष्कळदा जोडीने, म्हणजे एकावर काही प्रसंग ओढवला तर दुसरा पोहोचावा. धारवाडचे नाव या व्यवहारात ठळकपणे येते ते १७९०-९१ च्या वेढ्याच्या वेळी. टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांनी येथील किल्ला वेढला. कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी त्यांच्या साहाय्यास होती, आणि आत टिपूचा सरदार बद्रुजमानखान होता. किल्ला हाती येण्यास १७९१ चा एप्रिल उजाडला, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळ गेला. इंग्रजांच्या बाजूने एडवर्ड मूर याने या मोहिमेचे वृत्त १७९४ मध्ये छापले. आपल्या बाजूने पटवर्धनांच्या मोहिमांचा पत्रव्यवहार उजेडात आला तो वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’मुळे. खरेशास्त्री मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात ही दप्तरे वाचीत. शिक्षकी पेशातील माणसाने हे नाव घेताना किंचित मान उंच केली तर ते क्षम्य मानावे.

त्या काळच्या पत्रांची एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. आरंभीच मागील पत्र पावल्याची नोंद असते : अमुक तिथीचे पत्र पावले, मजकूर कळला. पोहोचलेले पुन्हा लिहावे लागू नये आणि न पोहोचलेले ध्यानात यावे, एवढाच त्यातला हेतू. या साध्या रीतीची आठवण पुढे ठेवावयाची आहे.

पेशव्याला जे जासूदांनी मिळे, ते सामान्य माणसाला मिळू लागले छापखाना आणि टपाल या दोहोंच्या योगाने. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईस निघाले; १८४९ मध्ये पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ आले. परंतु मुंबई-पुण्याबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने मला १८५४ हे साल अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी टपालहशील अंतरावर न ठेवता वजनावर ठेवण्यात आले आणि अर्धा तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कोठेही जाऊ लागले. दूर असणे हा गुन्हा राहिला नाही. पुढे १८७७ मध्ये व्ही. पी. ची सोय झाली, १८८० मध्ये मनिऑर्डर आली, आणि त्याच दशकात दक्षिण मराठा रेल्वेचे रूळ या भागात पोहोचले. त्या कंपनीचे मुख्य ठाणे धारवाडातच होते. तिची दगडी इमारत पुढे कर्नाटक महाविद्यालयाची झाली. मंगळवारचा ‘केसरी’ धारवाडकरांच्या घरी येऊ लागला त्यामागे लोकमान्यांच्या लेखणीइतकाच या रुळांचाही वाटा आहे. लेखणीविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. रुळांविषयी फार थोडे.

वर्गणीदार ही संस्था येथे जन्मास आली. तिचे बारकाईने निरीक्षण केले तर एक गोष्ट आढळते. पेशवाईत बातमी हवी असणारा मनुष्य बातमीदारांची यादी स्वतःजवळ बाळगी. दिल्लीस कोण, हैदराबादेस कोण, हे नानांना ठाऊक. नानांना कोणकोण लिहिते, हे त्या लिहिणाऱ्यांना ठाऊक असेलच असे नाही. नियतकालिकाच्या युगात ही यादी उलट्या बाजूस गेली. वर्गणीदारांची नावे व पत्ते व्यवस्थापकाच्या खतावणीत राहू लागले आणि वाचकाचे नाव त्या खतावणीतील एक ओळ झाले. वर्गणी संपली की ओळ खोडली जाई. आमच्या गुरुजींची वही ही त्या खतावणीला दिलेले वाचकाचे उत्तर होते, असे म्हणता येईल. ‘तुमच्या यादीत आम्ही आहोत, तसेच आमच्या यादीत तुम्हीही आहात’, असे तिचे म्हणणे.

व्यवस्थापकाच्या खतावणीतून काय काय उभे राहू शकते याची दोन उदाहरणे आमच्या परिसरातील आहेत. किर्लोस्कर घराण्याचा उद्योग बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस गेला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची हकीकत कळविणारे एक छोटे पत्रक काढले. त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’. नांगर आणि चरक घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कारखान्यात नवे काय झाले ते कळावे, एवढ्या उद्देशाने निघालेली ही खबर हळूहळू साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाली. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ राहिले, आणि पाठोपाठ ‘स्त्री’ व ‘मनोहर’ निघाली. वार्ताप्रवाहाला मी ‘खबर’ म्हणतो ते या पत्रकाच्या स्मरणाने. ज्याला आपल्याकडे काय नवे आहे ते कळावेसे वाटते त्याला ते थोडक्यात कळवावे, हीच तर कल्पना.

दुसरे उदाहरण धारवाडचेच, पण कानडीतील. जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये येथे ‘मनोहर ग्रंथमाला’ सुरू केली. वर्गणीदाराने वर्षाची वर्गणी भरावी आणि ग्रंथमालेने त्या वर्षाची पुस्तके त्याच्या घरी पाठवावी, अशी तिची पद्धत. कोणती पुस्तके, हे ग्रंथमाला ठरवी. या विश्वासावर आधुनिक कानडी वाङ्मयाचा केवढा तरी भाग उभा आहे. गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ १९६१ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाले. ग्रंथमालेच्या माडीवरील ‘अट्टा’वर लेखकमंडळी जमत. ज्यांची मातृभाषा मराठी पण ज्यांची कविता कानडीची शान झाली ते द. रा. बेंद्रे याच गावचे. मराठी शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने मला या शेजाराचा नेहमी हेवा वाटत आला आहे. पुण्याचा अंक वेळेवर आला नाही म्हणून आम्ही कार्ड टाकीत असू, तेव्हा आमच्या कानडी मित्रांचे वाङ्मय चालत जाण्याच्या अंतरावर छापले जात होते.

ह्या दीर्घ प्रस्तावनेनंतर आता वार्ताप्रवाहाकडे वळतो. त्याच्या आरंभी एक भारतीय नाव आहे. मद्रासच्या आय. आय. टी. मधून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले रामनाथन गुहा हे १९९७ मध्ये नेटस्केप कंपनीत आले. संकेतस्थळात काय आहे हे यंत्राला समजेल अशा भाषेत कसे सांगावे, हा त्यांच्या चिंतनाचा विषय. त्या कंपनीला आपल्या मुखपृष्ठावर निरनिराळ्या स्थळांचे मथळे एकत्र दाखवावयाचे होते. त्यासाठी मार्च १९९९ मध्ये गुहा व डॅन लिबी यांनी आरएसएसची पहिली आवृत्ती सिद्ध केली. त्याच वर्षीच्या जुलैत लिबी यांनी ती सुलभ केली आणि तीत डेव्ह वायनर यांनी स्वतंत्रपणे चालविलेल्या तशाच एका प्रयोगातील अंगे सामावून घेतली. नेटस्केपने लवकरच या कामातून अंग काढून घेतले, आणि मग जे झाले ते मराठी वाचकाला अपरिचित वाटणार नाही. दोन पंथ झाले. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने आपली आवृत्ती १.० म्हणून जाहीर केली. वायनर यांनी आपल्या परंपरेत ०.९२ काढली आणि सप्टेंबर २००२ मध्ये २.० काढली. २.० ही १.० ची पुढील आवृत्ती नव्हे, हे नवख्यास समजावून सांगताना नाकी नऊ येतात. अक्षरांचा विस्तार कोणी ‘आरडीएफ साइट समरी’ असा करी, कोणी ‘रिच साइट समरी’, तर कोणी ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. भांडणास कंटाळलेल्या तिसऱ्या मंडळींनी ‘ॲटम’ नावाचा निराळाच प्रकार सिद्ध केला आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याला आंतरजालाच्या मानकाचे रूप मिळाले. अनुस्वारावरून आपल्याकडे किती शाई सांडली हे ज्यांना आठवते, त्यांनी या लोकांना हसू नये. १.० सिद्ध करणाऱ्या गटात एरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता. त्याचे वय तेव्हा चौदा वर्षांचे. म्हणजे आमच्या नववीच्या वर्गातील मुलाएवढे. गटातील पुष्कळांशी त्याचा संबंध केवळ लेखी असे. २०१३ च्या जानेवारीत, सव्वीस वर्षांचा असताना, तो गेला.

मला हे सारे कळले ते फार पुढे. २००७ च्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. मी रोज रात्री एकेक पत्ता टंकून बारा-चौदा संकेतस्थळे उघडतो, आणि बहुतेक ठिकाणी कालचेच पाहून परत येतो, हे त्याने दोन दिवस पाहिले आणि म्हणाला, “मामा, तुम्ही रोज बारा दारं ठोठावता. त्यापेक्षा त्या बारांनाच तुमच्या दारी येऊ द्या ना.” त्याने गूगलची ‘रीडर’ नावाची सेवा उघडून दिली आणि माझी स्थळे तीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व नवे मथळे एकाखाली एक मांडलेले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या आवक-वहीचे पान समोर उघडावे तसे ते दिसत होते. मात्र त्या वहीची मला तेव्हा माहिती नव्हती.

भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे होते, असे पुढे समजले. ती स्थळे आपल्या दारी येत नाहीत. आपली आज्ञावलीच ठरावीक वेळाने त्यांच्या दारी जाते. प्रत्येक स्थळाच्या यादीत प्रत्येक नव्या मजकुराचा मथळा, पत्ता, तारीख, थोडा सारांश आणि एक ओळखखूण असते. आज्ञावली ती ओळखखूण जपून ठेवते, म्हणजे पाहिलेले पुन्हा दाखवावे लागत नाही. आणि दर खेपेस विचारताना ती सांगते : अमुक वेळेपर्यंतचे पावले आहे, त्यानंतर काही बदल असल्यास पाठवावे. बदल नसल्यास पलीकडून ‘बदल नाही’ एवढाच त्रोटक निरोप, ३०४ या क्रमांकाने, येतो आणि दोन्ही बाजूंचे श्रम वाचतात. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांच्या आरंभाची येथे मला आठवण होते. पत्र पावले, मजकूर कळला, पुढील ल्याहावे.

आमच्यासारख्यांची एक अडचण निराळी होती, आणि तिचा उल्लेख परदेशी इतिहासांत सापडणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ टंक आला. परंतु पुष्कळ मराठी वृत्तपत्रांची स्थळे त्यानंतरही बरीच वर्षे आपापल्या खास टंकांत चालत. त्यांत आतील संकेत रोमन अक्षरांचे आणि वरचे चित्र तेवढे देवनागरी, असा प्रकार असे. स्थळावर टंक जोडलेला असल्यामुळे मजकूर वाचता येई. वार्ताप्रवाह मात्र चित्र नेत नाही, नुसती अक्षरे नेतो. त्यामुळे अशा एखाद्या वृत्तपत्राचा मजकूर माझ्या यादीत आला की कंस, टिंबे आणि रोमन अक्षरे यांची रास दिसे. सोंग उतरविल्यावर नटाचा खरा चेहरा दिसावा, तसे ते होते. जे स्थळ युनिकोडमध्ये लिहिले जाई त्याचे मथळे मात्र स्वच्छ मराठीत येत. आणि त्या काळात असे लिहिणारे प्रायः पगारी पत्रकार नसून, हौसेने आपल्या अनुदिन्या लिहिणारे अभियंते, गृहिणी, विद्यार्थी होते. म्हणजे माझ्या यादीत प्रतिष्ठित मराठी अवाच्य होते आणि अप्रतिष्ठित मराठी सुवाच्य. त्यामुळे मी अशा काही माणसांचे लेखन सलग पाच-सहा वर्षे वाचले की ज्यांची नावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात येणार नाहीत. एकाने कोकणातील भातांच्या जातींवर लिहिले, दुसऱ्या एका बाईंनी परदेशात मुलांना मराठी शिकविण्याच्या खटपटीवर. ते लेखन महिन्यातून एकदा येई, कधी तीन महिन्यांनी. रोज दार ठोठावून पाहावे लागले असते, तर मी दुसऱ्याच आठवड्यात कंटाळलो असतो. क्वचित लिहिणाऱ्याला टिकवून धरणे, हा वार्ताप्रवाहाचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण होय. रोज लिहिणाऱ्याची आठवण आपोआप राहते. त्याला कोणाच्या वहीची गरज नसते.

दोषही सांगितले पाहिजेत. यादी वाढविणे फार सोपे, आणि न वाचलेल्या मजकुराचा आकडा समोर ठळकपणे लिहिलेला. गूगलच्या त्या सेवेत आकडा हजाराच्या पुढे गेला की नुसते ‘१०००+’ दिसे, जणू काही यंत्रानेच हात टेकले. वेष्टन न फोडलेल्या मासिकांचा ढीग घरातील कोनाड्यात तरी लपविता येई. शिवाय स्वतःच्या यादीतील माणसांपलीकडे न पाहण्याची सवय लागते. एके काळी ‘सत्यकथे’च्या वाचकाने दुसरे मासिक हाती धरू नये अशी एक ऐट होती, तीच येथे यंत्राच्या साहाय्याने जडते. मी काही वर्षे तिच्या आहारी गेलो होतो, हे कबूल करतो.

२०१३ च्या मार्चमध्ये गूगलने ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जुलै २०१३ रोजी ती बंद झाली. वापरणारे कमी झाले, हे कारण कंपनीने दिले. ते खोटे नसावे, पण त्यामागची कारणे आधीपासून साचत होती. प्रवाहातून पूर्ण लेख वाचणारा वाचक स्थळावर जात नाही, म्हणून जाहिराती पाहत नाही. त्यामुळे पुष्कळ प्रकाशकांनी प्रवाहात दोन ओळींचा सारांशच ठेवण्यास आरंभ केला होता. दुसरे असे की, फेसबुकाने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ सुरू केले. शब्द तोच, फीड. पण वस्तू उलट. आरएसएसमध्ये यादी वाचकाची, आणि क्रम काळाचा. जे आधी आले ते आधी, नंतरचे नंतर. तेथे मात्र कोणाचे काय, कोणत्या क्रमाने आणि किती दाखवावे, हे कंपनी ठरविते. आणि वाचकाच्या आवडीनिवडीची वहीही तिच्याचकडे असते. व्यवस्थापकाची खतावणी आणि गुरुजींची वही या दोन्ही एकाच हातात गेल्या, असे वर्गणीदाराच्या भाषेत त्याचे वर्णन करता येईल. नानांनी आपल्या सर्व बातमीदारांची नावे एखाद्या सावकाराच्या स्वाधीन करून, ‘तुम्हांस योग्य वाटेल ते पत्र मला दाखवावे’ असे सांगितल्याची कल्पना करून पाहावी.

बंद पडलेल्या सेवेतून मी माझी यादी सोडवून आणली. हे शक्य झाले ते ‘ओपीएमएल’ नावाच्या एका साध्या प्रकारामुळे. तोही वायनर यांच्याच कंपनीतून निघालेला. वर्गणीदाराने आपली सारी यादी एका छोट्या धारिकेत उतरवून घ्यावी आणि दुसऱ्या आज्ञावलीत ठेवावी, एवढेच त्याचे काम. प्रकाशकांना कळविण्याचे कारण नाही, कारण माझे नाव त्यांच्या खतावणीत कधी नव्हतेच. मी त्यांना काय म्हणून ओळखतो हे माझ्याकडे आहे, ते मला ओळखतही नाहीत. दुपारच्या दोन तासिकांच्या अवधीत माझे बिऱ्हाड नव्या जागी हलले. तेव्हापासून दोनदा आणखी हलविले.

वार्ताप्रवाह मेला, असे त्या सुमारास पुष्कळांनी लिहिले. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्स या न्याहाळकानेही आपल्यातील त्याची सोय काढून टाकली. तरी तो वाहतोच आहे, बहुधा जमिनीखालून. ज्याला ‘पॉडकास्ट’ म्हणतात ते ध्वनिलेखन श्रोत्यापर्यंत पोहोचते ते आरएसएसच्याच यादीतून. ध्वनिफीत जोडण्याची सोय तीत २००० सालीच झाली होती. आमच्या शाळेतील तरुण शिक्षिका येता-जाता बसमध्ये मराठी कथा ऐकतात, त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले. बीबीसीच्या मराठी विभागाचा प्रवाह आहे, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा आहे, रिझर्व्ह बँकेचा आहे. मराठी विकिपीडियावरील कोणत्याही एका लेखात कोणी फेरफार केला की त्याची खबर देणारा प्रवाह मिळतो. ‘धारवाड’ या लेखाचा मी घेतला आहे.

यंदाच्या जूनमध्ये शाळेच्या ग्रंथालयातील संगणकावर अकरा प्रवाहांची एक यादी आम्ही लावून दिली. सात मराठी, तीन कानडी, एक इंग्रजी. ती कोणी वाढवावी आणि कोणी छाटावी, यावरून आठवी-नववीच्या मुलांत पहिल्याच आठवड्यात तंटा झाला. शेवटी प्रत्येक वर्गाला एकेक नाव घालण्याचा व एकेक नाव काढण्याचा अधिकार दिला. नववीने माझा एक प्रवाह काढून टाकला आणि क्रिकेटचा घातला.

माझी स्वतःची यादी छापून गुरुजींच्या वहीच्या एका कोऱ्या पानावर डकविली आहे. नावे ३७. त्यांपैकी १४ ठिकाणांहून काही वर्षांत काहीही आलेले नाही. भातांच्या जातींवर लिहिणाऱ्या गृहस्थांची शेवटची नोंद २०१६ ची. आज्ञावली दर तासाला त्यांच्या दारी जाते आणि ३०४ घेऊन परत येते. त्यांचे नाव मी काढलेले नाही. शेऱ्याच्या रकान्यात ‘आला नाही’ एवढे लिहिले आहे. कार्ड टाकावे तर पत्ता माझ्याकडे नाही.